पडवळला कोण उचलतं

१

दवाखान्यातल्या मुलीने ‘मिस्टर पडवळ’ अशी हाक मारली, तेव्हा बाकावर मांजरीची टोपली मांडीवर घेऊन बसलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचं आडनाव पडवळ होतं. केतन ओशाळून म्हणाला, "नाही काका, पडवळ आमच्या कुत्र्याचं नाव आहे." गृहस्थांनी आधी केतनकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या मनालीकडे, आणि "बरं नाव ठेवलंत" एवढंच म्हणून खाली बसले. मनालीला हसू आवरेना. गेले कित्येक दिवस ती नुसती रडत होती. हसायची सवयच मोडली होती, त्यामुळे जबडा दुखला.

नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी केतन कुणाच्या तरी घरून एक लांबुळकं, आखूड पायांचं पिल्लू छातीशी धरून घेऊन आला. कमलताईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हे काय पडवळ आणलंस?" दुसरं नाव सुचेपर्यंत पिल्लू त्याच हाकेला धावत यायला लागलं होतं.

तर हा पडवळ एका सकाळी जागा झाला आणि त्याचे मागचे पाय काही उठलेच नाहीत. पुढच्या दोन पायांवर सगळं अंग ओढत तो स्वयंपाकघरापर्यंत आला आणि मागे वळून वळून बघायला लागला. आपल्याला मागून कोण धरून ठेवतंय, असा त्याचा चेहरा होता. मणक्यातली चकती सरकली होती. वांद्र्याच्या डॉक्टर गंधालींनी तातडीने ऑपरेशन केलं. आज तो घरी चालला होता. पाठीवरचे केस भादरलेले, त्यावर टाक्यांची लांब रेघ आणि गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं.

"दीड महिना उडी नाही, जिना नाही, सोफा नाही," डॉक्टर सांगत होत्या. "एक उडी मारली तरी केलेलं सगळं पाण्यात जाईल. आणि उचलायचं ते असं. एक हात छातीखाली, एक कमरेखाली. पाठ सरळ राहिली पाहिजे. काठोकाठ भरलेलं ताट नेतो ना, तसं."

"पाय परत येतील ना?" मनालीने विचारलं.

"आधी शेपटीकडे लक्ष ठेवा. शेपटी हलली की समजायचं, निरोप खालपर्यंत पोचतोय. मग पाय येतात."

मुलुंडपर्यंत टॅक्सी अगदी बैलगाडीसारखी चालवायला लावून ते घरी आले. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. केतन पडवळला दोन हातांवर तोलत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढला आणि प्रत्येक वळणावर पडवळ एकदा कण्हला. वर दारात कमलताई उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या फारशा उभ्या राहत नसत, पण आज सकाळपासून त्यांनी खुर्ची दारातच मांडली होती. पडवळने त्यांचा वास घेतला आणि नरसाळ्यातून जीभ बाहेर काढून त्यांचं मनगट चाटलं.

"आलं माझं लेकरू," कमलताई म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या.

हॉलमध्ये केतनने कपडे वाळत घालायच्या जुन्या स्टँडच्या जाळ्या एकमेकांना बांधून कमरेएवढं कुंपण तयार केलं होतं. आत गादी, गादीवर चादर. संध्याकाळी शेजारच्या नीलाताई येऊन बघून गेल्या, खालच्या मजल्यावरची मुलं येऊन गेली. कमलताईंनी चिकनचं पाणी काढून भात मऊ शिजवला होता, तो पडवळने वाटी पुसून खाल्ला. एखाद्या बाळंतिणीचं करावं तसं त्याचं चाललं होतं. शेपटी मात्र मागे नाडीसारखी पडून होती. मनाली जाता-येता तिच्याकडे बघत होती.

२

केतन सकाळीच अंधेरीच्या ऑफिसला निघे तो अंधार पडल्यावर येई. मनाली मुलुंडमधल्याच एका शाळेच्या कार्यालयात होती. मुख्याध्यापिकांना सांगून तिने दुपारी घरी येऊन औषध द्यायची सवलत मिळवली होती. मधल्या वेळेत घरी कमलताई असत. पण त्या जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या की ढोल वाजवला तरी उठत नसत.

दोन-चार दिवस सुरळीत गेले. मग एका दुपारी मनालीने लॅचची किल्ली फिरवून दार उघडलं. कुंपण रिकामं होतं. पडवळ खिडकीखालच्या दिवाणावर होता.

उडी मारली याने, हाच पहिला विचार. पिशवी तिथेच टाकून ती धावली. पण पडवळ अगदी शहाण्यासारखा पडला होता. कुशीवर, पाठ सरळ, पुढचे पाय एकावर एक. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या टाक्यांच्या जरा अलीकडे थांबत होतं. त्याने डोळे किलकिले करून मनालीकडे बघितलं आणि पुन्हा मिटले.

आणि उडी मारायची तरी कशाने? मागचे पाय तर कापसाचे होते.

ती आतल्या खोलीत गेली. "आई, तुम्ही पडवळला उचललंत?"

कमलताई जाग्या व्हायला वेळ लागला. "मी? मला अंघोळीची बादली सरकवता येत नाही, बाई. त्याला कुठे उचलू?"

"मग तो दिवाणावर कसा?"

"तू नव्हतं ठेवलंस जाताना? मी जेवून आले तेव्हा तिथेच होता. मला वाटलं, ऊन मिळावं म्हणून ठेवलास."

मनालीने केतनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता आणि हळू आवाजात बोलत होता. "अगं, आईनेच ठेवलं असेल. विसरली असेल. तिला रागावू नकोस, यार."

"आईंना उचलता येत नाही, केतन."

"मग नीलाताई. त्यांच्याकडे किल्ली आहे ना आपली."

हे पटण्यासारखं होतं. मनालीने पडवळला एक हात छातीखाली, एक कमरेखाली घालून उचललं. तो ताठरला आणि बारीक केकाटला. कुंपणात ठेवेपर्यंत तिच्या हातांना घाम आला होता. संध्याकाळी तिने नीलाताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. नीलाताई सकाळपासून बोरिवलीला मुलीकडे होत्या.

३

पुढच्या वेळी घरात कुणीच नव्हतं.

शनिवारी केतन आईंना घेऊन गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेला. मनालीला बाजारात जायचं होतं. निघण्याआधी तिने कुंपणाच्या फाटकाला परकराची नाडी बांधली. दोन गाठी मारल्या आणि त्या ओढून बघितल्या. दाराला लॅच होतंच, तरी तिने वरून कुलूपही घातलं. आपण कुणासाठी एवढा बंदोबस्त करतोय, असा विचार तिच्या मनात आला. तो तिने जिन्यातच सोडून दिला.

भाजी घेऊन ती परतली. कुलूप जसंच्या तसं. नाडीच्या गाठीही तिच्याच, तिच्या पद्धतीने डावीकडून घेतलेल्या. आणि पडवळ दिवाणावर, चक्क घोरत.

या खेपेला त्याच्या अंगाखाली गोधडी होती. ती कमलताईंची गोधडी, उन्हाळाभर आतल्या कपाटात डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. तिची चौपदरी घडी घालून पडवळच्या पाठीला बरोबर बसेल अशी ती अंथरलेली होती. मनालीने गोधडीला नाक लावलं. डांबराच्या गोळीचा वास येत होता. कपाट उघडून बघितलं तर गोधडीची जागा रिकामी आणि तिच्यावरची उशी मात्र नीट बाजूला ठेवलेली.

मनाली दिवाणाशेजारी जमिनीवर बसली आणि विचार करू लागली. केतनने सकाळी निघण्याआधी गोधडी काढली असेल. असेल. पडवळ गाठ न सोडवता जाळीवरून गेला असेल. नसेल. मग आपणच गाठ मारायच्या आधी त्याला दिवाणावर ठेवलं आणि रिकामं कुंपण बांधलं? झोप अपुरी होत होती, माणसाच्या हातून काहीही होतं. हे शेवटचं उत्तर तिला सगळ्यात आवडलं. ती ते पक्कं करत होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक.

उंबऱ्यापाशी एक लादी सुटलेली होती. मनालीचा पाय पडला तर ती वाजत नसे. कमलताई हलक्या अंगाच्या, त्यांच्यानेही नाही. केतनचं सगळं वजन पडलं की मात्र ती ‘टक’ करायची.

"केतन?"

स्वयंपाकघरात ऊन होतं, ओट्यावर सकाळची कढई उपडी घातली होती, आणि कुणीही नव्हतं. पडवळ जागा झाला होता. तो उंबऱ्याकडे बघत होता, पण भुंकत नव्हता. पोस्टमनपासून कबुतरापर्यंत सगळ्या जगावर भुंकणारा कुत्रा तो. तो जीभ बाहेर काढून बघत होता. ओळखीचं माणूस स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलंय आणि आता परत येईल, तसा.

४

टाके काढायला पडवळला वांद्र्याला नेलं, तेव्हा डॉक्टर गंधाली खूश झाल्या. जखम सुरेख भरली होती. त्यांनी पडवळला टेबलावरून वजनाच्या काट्यावर ठेवायला म्हणून दोन्ही हात त्याच्या अंगाखाली घातले आणि थांबल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या. पडवळने स्वतःहून पाठ सरळ केली होती, पुढचे पाय जवळ घेतले होते आणि मान सैल सोडली होती. "पेशंट इतका निवांत कधी नसतो. याला रोज कुणीतरी नीट उचलतंय. हाताची सवय झाली आहे त्याला. कोण, तुम्ही?"

त्यांनी केतनकडे बघितलं. केतन म्हणाला, "आम्ही दोघं मिळून."

मनालीने उचललं की पडवळ ताठरायचा. केतनने उचललं की कण्हायचा. हे केतनलाही ठाऊक होतं. टॅक्सीत बसल्यावर तो म्हणाला, "मी एक कॅमेरा मागवतो. हॉलमध्ये लावू. म्हणजे विषय संपला."

त्या घरात भूतखेत हा विषय कधी नव्हताच. केतनचे वडील शिवदास गुरुजी हयातीत गावोगाव फिरून अंगात येणाऱ्यांची फजिती करायचे. हॉलमध्ये बुद्धांची एक मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. लिंबू-मिरची कधी त्या दाराला टांगली गेली नव्हती. त्यामुळे रात्रीचं जेवण होत असताना मनालीने अडखळत सगळं सांगितलं, तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

कमलताई भाकरी मोडत शांतपणे ऐकत होत्या.

"आई," केतन चाचरत म्हणाला, "म्हणजे मी मानत नाही. पण तुला असं वाटतं का, की बाबा..."

"तुझे बाबा?" कमलताईंनी घास खाली ठेवला. "त्या माणसाने जन्मात कुणाला पाण्याचा पेला उचलून दिला नाही. ते येऊन कुत्रा उचलतील?"

मनालीला ठसका लागला. केतन हसायला लागला, कमलताईही हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिघांच्या. त्या घरात तेव्हा असंच होतं. काळजीने जीव अर्धा व्हायचा आणि दुसऱ्या क्षणी कुणीतरी काहीतरी बोलून सगळ्यांना हसवायचं.

"आणि कॅमेरा नको," कमलताई म्हणाल्या. "मी दुपारी साडी सैल करून घरभर फिरते. मला नाही पाहिजे तुझा डोळा."

"अगं आई, फक्त हॉलमध्ये."

"मी हॉलमध्येच फिरते. हे बघ, लेकराला इजा झाली का? नाही ना? डॉक्टर खूश आहे ना? मग झालं. आपण उचलतो तर तो रडतो. कुणी त्याला न रडवता उचलत असेल, तर मला त्याचं नाव-गाव नाही विचारायचं."

हे त्या इतक्या सरळ आवाजात बोलल्या की गंमत म्हणून बोलल्या का, हे मनालीला कळलं नाही. केतन मात्र पाणी आणायला उठला आणि उंबऱ्यावर पाय देताना त्याच्याखाली लादी वाजली, तेव्हा तिघांच्याही नजरा उंबऱ्याकडे वळल्या.

५

मनालीने रजा टाकली आणि घरी कुणालाच सांगितलं नाही. नेहमीसारखा डबा घेऊन निघाली, बाजारात एक चक्कर मारली, आणि कमलताईंची झोपायची वेळ झाल्यावर चपला हातात घेऊन परत आली. लॅच आवाज न करता उघडलं. बाथरूम आणि हॉलच्या मध्ये एक बोळ होता, त्याला लाकडी दार होतं. ती दाराआड उभी राहिली. बिजागरीच्या फटीतून हॉल दिसत होता. कुंपण, दिवाण, खिडकी, आणि भिंतीवर पडलेला उन्हाचा चौकोन.

आतल्या खोलीतून कमलताईंचा घोरण्याचा आवाज येत होता. नीलाताईंच्या कुकरची शिट्टी झाली. खाली कुणीतरी गाद्या झोडत होतं. पडवळ गादीवर पडून नरसाळ्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला भात चाटायचा प्रयत्न करत होता. आपण किती मूर्ख आहोत, असं मनालीला वाटलं. शाळेत पगारपत्रकं पडली आहेत आणि आपण आपल्याच घरात चोरासारख्या उभ्या आहोत. तिचा पाय वळायला लागला. तिने तो बदलला.

पडवळने चाटायचं थांबवलं आणि वर पाहिलं.

नुसतं वर नव्हे, एका ठिकाणी. माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. मान आणखी वर गेली, मागे गेली, म्हणजे जे काही होतं ते कुंपणाजवळ येऊन उभं राहिलं असावं. त्याचे कान मागे पडले. तोंडातून तो लाडाचा आवाज निघाला, जो मनालीने आजारपणानंतर ऐकला नव्हता.

आणि पडवळ वर उचलला गेला.

सावकाश. आधी छाती, मग लगेच कंबर, गादीपासून बोटभर, मग वीतभर. खाली काही नव्हतं. चादरीवर त्याच्या अंगाचा खळगा तेवढा राहिला होता. पुढचे पाय जवळ घेतलेले, मान सैल. जाळीच्या कडेपर्यंत तो आला तेव्हा मागची बाजू जराशी झुकली, अगदी जराशी. मनालीने दाराची कडी भीतीने इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली होती. पण पाठ वाकत होती आणि वाकलेली पाठ तिला बघवत नव्हती.

"कंबर," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "कंबर नीट धरा."

हॉलमध्ये सगळं थांबलं. पडवळ हवेत थांबला. गाद्या झोडण्याचा आवाज चालूच होता.

मग त्याची कंबर हळूच वर आली आणि पाठीची रेघ सरळ झाली.

तो जाळीवरून गेला. हॉल ओलांडताना तो केतनच्या छातीच्या उंचीहूनही वर होता, आणि उन्हाच्या चौकोनातून जाताना भिंतीवर त्याची एकट्याचीच सावली सरकत गेली. दिवाणावर टेकताना इतकाही धक्का नाही बसला की नरसाळं हलावं. त्याच्या शेजारची गादी खाली दबली. बराच वेळ तशीच दबलेली राहिली. त्या दबलेल्या जागेकडे बघत पडवळ पडला होता, आणि मनालीचं लक्ष आत्ता कुठे मागे गेलं.

शेपटी हलत होती. टोकाशीच, पण हलत होती. एकदा इकडे, एकदा तिकडे, दिवाणावर तिचा बारीक फटकारा ऐकू येत होता.

किती वेळाने ती दाराआडून बाहेर आली, तिलाही सांगता आलं नसतं. तोपर्यंत गादी पुन्हा सपाट झाली होती. ती पडवळच्या शेजारी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि हुंदका आणि हसू एकदमच आलं. तिने केतनला फोन लावला.

"केतन, शेपटी हलली."

"काय सांगतेस?"

"हलली रे. मी बघितली. आत्तासुद्धा हलतेय."

पलीकडे अंधेरीच्या ऑफिसात केतन कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, "माझ्या कुत्र्याची शेपटी हलली," आणि तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनालीने त्याला तेवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला तिने दोन-तीनदा तोंड उघडलं होतं. पण मग केतन कॅमेरा आणेल, घर बदलू म्हणेल, नाहीतर तिलाच डॉक्टरकडे नेईल. पडवळचा दीड महिना अजून व्हायचा होता.

त्यानंतर ती रोज दुपारी दार उघडण्याआधी दोनदा बेल वाजवत असे. कमलताई त्या बेलने उठत नसत, हे तिला ठाऊक होतं.

६

शेपटीनंतर पाय आले. आधी डावा, मग उजवा. पहिल्यांदा पडवळ उभा राहिला तो दारू प्यायल्यासारखा डोलत होता, आणि तीन माणसं त्याच्याभोवती हात पसरून अशी उभी होती की खाली पडला असता तर त्याला जमीनच मिळाली नसती. डॉक्टर गंधालींनी नरसाळं काढलं, तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते स्वतःच्या शेपटीचा यथेच्छ वास घेण्याचं. मग कुंपण सुटलं आणि जाळ्या पुन्हा कपडे वाळवू लागल्या.

एका रविवारी केतनने मित्राची गाडी आणली आणि सगळे आरे कॉलनीत गेले. झाडांखाली थंडावा होता. पलीकडे गोठ्यातल्या म्हशी रवंथ करत होत्या. कमलताई गाडीचं दार उघडं ठेवून आतच बसल्या. मनालीने पडवळचा पट्टा सोडला. तो आधी गवतात चार पावलं चालला, मग थबकला, मागे वळून त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि धूम पळत सुटला. कान मागे, पोट गवताला घासतंय, लांबुळकी पाठ लाटेसारखी वर-खाली होतेय. केतन त्याच्यामागे ओरडत धावत होता, "हळू, अरे हळू." एका म्हशीवर तो भुंकलादेखील. गाडीत कमलताई टाळ्या पिटत होत्या. मनाली गवतात बसली आणि तिला वाटलं, झालं. संपलं आता. आपलं घर आपलं झालं.

आणि खरंच घर गप्प होतं. दिवाणावर पडवळ आता स्वतःच्या छोट्या पायरीवरून चढायचा, केतनने ती त्याच्यासाठी करून घेतली होती. मनालीने बेल वाजवणं सोडलं. कधीतरी दुपारी घरी आल्यावर ती उगाच एखादी उशी हलवून बघायची, काही जागचं सरकलंय का ते बघायची, आणि काही सरकलेलं नाही हे पाहून सुटल्यासारखा श्वास सोडायची. त्या सुटकेत कुठेतरी खंतही होती. आभार मानायचे राहून गेले, असं तिला वाटे. ते कुणाचे आणि कसे मानायचे, हे काही तिला सुचत नसे.

एके दुपारी ती लवकर घरी आली. दारातच पडवळने तिच्याभोवती गोल गोल फेऱ्या मारल्या. आतली खोली उघडी होती आणि कमलताईंचा पलंग रिकामा होता.

"आई?"

"आलीस? बरं झालं," कमलताईंचा आवाज आला. "हे पातेलं धर जरा."

आवाज वरून आला होता.

स्वयंपाकघराच्या दारावर माळा होता, छताला लागून, सिमेंटचा. घरातली मोठी भांडी तिथे पडलेली असायची आणि ती काढायला केतनला नीलाताईंची शिडी मागून आणावी लागे. कमलताई माळ्याच्या कडेवर बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हातात ओलं फडकं, शेजारी काढून ठेवलेलं पातेलं, केसांत जाळं अडकलेलं, आणि दोन्ही पाय खाली सोडलेले. गुडघ्यांना पट्टे बांधलेले ते सुजरे पाय हवेत झोपाळ्यासारखे हलत होते.

मनालीने आजूबाजूला बघितलं. शिडी नव्हती. खुर्ची नव्हती. स्टूल बाल्कनीत होतं, त्याच्यावर कुंडी.

"आई," ती म्हणाली. तिला हळूच बोलायला हवं होतं, झोपेत चालणाऱ्याशी बोलतात तसं. "हलू नका. वर कशा गेलात?"

"मी कुठे गेले?" कमलताई हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मनालीने कधी पाहिला नव्हता. वर्षानुवर्षांची दुखरी रेघ कपाळावरून पुसली गेली होती. "मी आपली पलंगावर पडल्या पडल्या बोलले, की माळ्यावर जाळी धरली आहेत, पण आपल्याला मेलीला कोण वर नेणार. बस्स, एवढंच बोलले." त्यांनी फडकं मांडीवर ठेवलं. "अगं, इतकं अलगद. मी पाच-सहा वर्षांची असेन, तेव्हा बापाने उचललं होतं जत्रेत. त्यानंतर कुणी नाही."

"मी शिडी आणते. तुम्ही फक्त घट्ट धरून बसा. केतनला फोन करते."

"शिडी कशाला?" कमलताई म्हणाल्या.

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, केसांतलं जाळं काढलं आणि पदर सारखा केला. मग उचलून घ्यायला सांगणाऱ्या पोरीसारखे दोन्ही हात पुढे पसरले. हसऱ्या डोळ्यांनी त्या बघत होत्या. पण मनालीकडे नव्हे. त्यांची नजर मनालीच्या खांद्यावरून मागे गेली होती, आणि बरीच वर.

"घे रे आता," त्या म्हणाल्या.

मनालीने मागे वळून पाहिलं नाही. ती भिंतीला पाठ लावून बाजूला सरकली आणि तिने वाट दिली.